पोर्तुगीज काळातल्या तिकिटांसाठी इंटरनेटवरची जुनी साधनं आज कामाला येतील का?

तुम्ही विचारलंय की आजोबांचा गोव्याच्या पोर्तुगीज काळातल्या टपाल तिकिटांचा आल्बम हाती आला आहे, नव्वदच्या दशकात इंटरनेटवर संग्राहकांसाठी बरंच काही होतं असं ऐकलं, तर त्यातलं आज काय उरलं आहे आणि सुरुवात कुठून करावी.

बरंच काही होतं, आणि त्यातलं सगळ्यांत कामाचं आजही मिळतं. ज्या लोकांनी ती साधनं उभी केली त्यांना तिकिटाची किंमत हा मुख्य प्रश्न वाटत नव्हता. हे तिकीट कोणतं, कोणत्या छपाईचं, त्यावरचा शिक्का कुठल्या पोस्टाचा, आणि ते अस्सल आहे का, एवढंच त्यांना हवं होतं. आज फोटो काढून शोधलं की पहिल्या झटक्यात आकडा समोर येतो, आणि तो बहुधा विकणाऱ्याने मनाला येईल तसा लावलेला असतो. म्हणून माझा आग्रह आहे की तुम्हीही आधी ओळख पक्की करा, किमतीचं नंतर बघा. जुनी साधनं त्याच कामाची आहेत.

आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आलं १५ ऑगस्ट १९९५ ला, व्हीएसएनएल या सरकारी कंपनीमार्फत. स्वस्तातल्या जोडणीवर तेव्हा फक्त अक्षरं दिसायची, चित्रं नाहीत. मी फोंड्याचा. इथे सायबर कॅफे सुरू झाले तेव्हाही एक तिकीट पडद्यावर पूर्ण उमटेपर्यंत बराच वेळ जायचा. त्यामुळे त्या काळातल्या संग्राहकांनी सगळं शब्दांत लिहून ठेवलं: रेषा किती, कडेचे दाते किती, अक्षरांची जाडी कशी, शिक्क्याचा व्यास किती. यूजनेट म्हणजे तेव्हाच्या चर्चागटांचं जाळं, त्यावर तिकीट संग्राहकांचा एक गट होता. तिथे प्रश्न टाकायचा आणि दोन-चार दिवसांनी बघायचं. नोवा गोवाच्या (म्हणजे पणजीच्या) एका अर्धवट शिक्क्याबद्दल मी तिथे विचारलं होतं, तर पोर्तुगालमधल्या एका अनोळखी गृहस्थांनी त्या शिक्क्याची ठेवण, तारखेची मांडणी आणि वापराचा काळ असं सगळं सविस्तर लिहून पाठवलं. अशी शेकडो उत्तरं तिथे पडून आहेत. गूगलने २००१ मध्ये हा जुना साठा विकत घेतला आणि तो गूगल ग्रुप्समध्ये अजून वाचता येतो. फेब्रुवारी २०२४ पासून तिथून नवं काही टाकता येत नाही, पण तुम्हाला वाचायचंच आहे. शोधताना ‘पोर्तुगीज इंडिया’ इंग्रजीत आणि ‘इंदिया पोर्तुगेझा’ पोर्तुगीजमध्ये, दोन्ही लिहून बघा. निकाल वेगळे येतात.

दुसरा प्रकार होता दुव्यांच्या याद्यांचा. शोधयंत्रं तेव्हा कच्ची होती, म्हणून काही संग्राहक स्वतः बसून जगभरातल्या तिकीटविषयक पानांची वर्गवारी करायचे. आज त्या याद्यांतले बहुतेक दुवे मेलेले आहेत. तरी त्या फेकून देऊ नका. मेलेला पत्ता तसाच उचलायचा आणि इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये टाकायचा, तिथे जुनी पानं दिसतात. इंटरनेट आर्काइव्ह १९९६ पासून पानं जपून ठेवतंय आणि २००१ पासून ती सगळ्यांना खुली आहेत. फुकट पानं बनवू देणारी जिओसिटीज २००९ मध्ये बंद पडली तेव्हा हौशी संग्राहकांची कितीतरी पानं गेली, पण पुष्कळशी अशीच सापडतात. चित्रं कधी कधी गायब असतात, मजकूर टिकलेला असतो. चित्राशिवाय वाचायला कंटाळा येईल, पण आपल्या प्रांताच्या तिकिटांसाठी तो मजकूर सोन्यासारखा आहे.

पोर्तुगीज भारताची, म्हणजे गोवा, दमण, दीवची, पहिली तिकिटं १ ऑक्टोबर १८७१ ला निघाली, आणि ती इथेच गोव्यात छापलेली होती. लिस्बनहून तयार होऊन आलेली नव्हेत. छपाई ओबडधोबड, दाते वाकडेतिकडे, त्यामुळे अनोळखी माणसाला ती बनावटच वाटतात. आकड्यामागच्या आडव्या रेषा मोजाव्या लागतात: ३३ असतील तर एक प्रकार, ४४ असतील तर दुसरा. भिंगाने डोळे दुखतात, म्हणून ६०० डीपीआयवर स्कॅन करून पडद्यावर मोठं करून मोजा. १८७७ मध्ये लिस्बनच्या टांकसाळीत छापलेली मुकुटाची तिकिटं आली. त्यात मुख्यतः दात्यांचं माप बघायचं, दोन सेंटिमीटरमध्ये साडेबारा की साडेतेरा. मग १८८१ मध्ये नवं चलन आलं, १२ रेइसचा एक टांगा आणि १६ टांग्यांचा एक रुपिया, आणि शिल्लक जुन्या तिकिटांवर नवे आकडे छापून ती चालवली गेली. हे आकडे इतक्या तऱ्हांचे आहेत की आयुष्यभर एवढंच जमवणारे लोक आहेत. आणि नकलाही इथेच जास्त. जिनिव्हाच्या फ्रांस्वा फूर्निएने पोर्तुगीज वसाहतींच्या तिकिटांच्या नकला विकल्या, त्या अजून आल्बमांतून फिरतात. आजोबांनी त्या काळात विकत घेतलेलं तिकीटही नक्कल असू शकतं, तेव्हा जुना आल्बम आहे एवढ्यावरून अस्सल समजू नका.

या सगळ्याचा अभ्यास एकोणिसाव्या शतकातच झाला होता. स्टॅन्ली गिबन्स या तिकिटांच्या इंग्लिश कंपनीने १८९३ मध्ये फक्त पोर्तुगीज भारताच्या तिकिटांवर पुस्तिका काढली होती, यावरून तेव्हाच्या संग्राहकांना आपल्या छोट्या प्रांताचं केवढं आकर्षण होतं ते कळतं. असं जुनं साहित्य आता कॉपीराइटमधून सुटलं आहे. इंटरनेट आर्काइव्हवर जुन्या कॅटलॉगांचे स्कॅन आहेत. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत अर्ल ऑफ क्रॉफर्डचं जे तिकीटविषयक ग्रंथालय आहे, त्यातल्या जुन्या पुस्तकांचंही स्कॅनिंग झालं आहे, आणि ग्लोबल फिलाटेलिक लायब्ररी या शोधपानावरून अनेक देशांतल्या तिकीट ग्रंथालयांची सूची एकत्र चाळता येते. १९१० पर्यंतच्या तिकिटांसाठी नवा महागडा कॅटलॉग घ्यायच्या आधी हे बघा. क्रमांक बदलले असतील, वर्णनं तीच आहेत.

१९११ ची एक गंमतशीर गोष्ट तुमच्या आल्बममध्ये कदाचित असेल: तिकिटाच्या मधोमध उभे दाते पाडलेले आणि दोन्ही अर्ध्यांवर नवी किंमत छापलेली. असं तिकीट दिसलं तर फाटकं समजून टाकू नका. दोन्ही अर्धे जोडलेले असतील तर ते तसेच जपा. पुढची सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवप्रदर्शनाची १९३१ ची मालिका, १९५१ ची जोसे वाझ यांच्यावरची तिकिटं, १९५९ मधली जुन्या नाण्यांची सुंदर मालिका ही ओळखायला सोपी. १९५९ मध्ये पुन्हा चलन बदललं, रुपिया जाऊन इश्कुद आला, म्हणून त्या वर्षी जुन्यावर नवी किंमत छापलेली तिकिटंही दिसतील.

आल्बममध्ये सुटी तिकिटं सोडून पाकिटं असतील तर मात्र थांबून बघा. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. त्यानंतर ४ जानेवारी १९६२ पर्यंत एकाच पाकिटावर पोर्तुगीज आणि भारतीय अशी दोन्ही तिकिटं चालवून घेतली गेली. भारतीय तिकिटांचा वापर २९ डिसेंबरला सुरू झाला, आणि पोर्तुगीज शिक्के तर मे १९६२ पर्यंत काही ठिकाणी मारले जात होते. म्हणजे मुक्तीनंतरच्या तारखेचा पोर्तुगीज शिक्का दिसला तर तेवढ्यावरून तो खोटा ठरत नाही. उलट हौशीने तयार करून घेतलेली पाकिटंही आहेत. ज्या पाकिटावर खरा पत्ता, पोचल्याचा मागचा शिक्का आणि योग्य टपालखर्च आहे, ते खरोखर टपालातून गेलेलं. अशा पाकिटात आपल्या घरांचा इतिहास आहे. कुणी काकांनी म्हापशाहून मुंबईला काय लिहिलं असेल, आणि सत्ता बदलत असताना ते पत्र पोस्टाने पोचवलं, हे हातात धरून बघण्यासारखं दुसरं काही नाही. त्यावरची तिकिटं पाण्यात भिजवून सोडवू नका, कृपा करून.

१९६० नंतर पोर्तुगालने या प्रांताच्या नावाने छापलेली काही तिकिटंही बाजारात मिळतात, पण ती इथल्या पोस्टात कधी विकलीच गेली नाहीत. ती घेण्यात पैसे घालवू नका असं मी सांगेन. त्यापेक्षा दादरा-नगर हवेलीकडे बघा. १९५४ मध्ये तिथल्या मुक्तीनंतर पोर्तुगीज तिकिटांवर इंग्रजीत ‘मुक्त प्रदेश’ अशा अर्थाचे शब्द छापून ती वापरली गेली. त्या लढ्यात आझाद गोमंतक दल होतं, सुधीर फडके होते. मराठी माणसाने हा विषय जास्त मनापासून जमवायला हवा, असं मला वाटतं. नकला मात्र यातही भरपूर.

अभ्यासमंडळांबद्दल. पोर्तुगीज तिकिटांसाठी इंटरनॅशनल सोसायटी फॉर पोर्तुगीज फिलाटेली, आणि भारतासाठी १९५० पासून चालणारं इंडिया स्टडी सर्कल. आपल्याला दोन्ही लागतात, कारण १८५४ ते १८७७ या काळात गोव्यात ब्रिटिश हिंदुस्थानचंही पोस्ट होतं आणि तिथून गेलेल्या पाकिटांवर व्हिक्टोरिया राणीची तिकिटं आहेत. पोर्तुगीज कॅटलॉगमध्ये शोधून ती सापडणार नाहीत. भारतीय तिकिटांबद्दल ‘स्टॅम्प्स ऑफ इंडिया’ या संकेतस्थळाने आपल्याकडच्या संग्राहकांना वर्षानुवर्षं बातम्या आणि माहिती पुरवली, त्याची जुनी पानंही चाळा. जागतिक टपाल संघटनेची डब्ल्यूएनएस यादी २००२ नंतरच्या तिकिटांसाठी आहे, तुम्हाला तिचा उपयोग नाही.

किमतीचं शेवटी. खरेदी-विक्रीची दोन संकेतस्थळं: ईबे १९९५ मध्ये सुरू झालं आणि बेल्जियमचं डेलकांप २००० मध्ये. पोर्तुगीज वसाहतींचं सामान डेलकांपवर जास्त येतं, पाकिटं विशेषतः. दोन्हीकडे मागितलेली किंमत बघू नका, विकून झालेल्या वस्तू वेगळ्या काढून बघा. तीच खरी. आणि विक्रीच्या पानांचा त्याहून मोठा उपयोग म्हणजे चांगले स्कॅन. तुमच्या तिकिटाशेजारी तेच तिकीट दहा ठिकाणचं ठेवून पाहता आलं की नजर तयार होते. ही सोय आमच्या सुरुवातीच्या दिवसांत अजिबात नव्हती.

पडद्याबाहेरही जा. पणजीत पाट्टोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात जुनी पोर्तुगीज वर्तमानपत्रं आणि सरकारी छापील साहित्य आहे. नव्या तिकिटांची, दरांची फर्मानं सरकारी ‘बोलेतीं’त, म्हणजे राजपत्रात, छापली जात. पणजीच्या मुख्य पोस्टात संग्राहकांसाठी फिलाटेली ब्युरो आहे, तिथे चौकशी केली तर स्थानिक संग्राहकांची गाठ पडेल. शिक्क्यांवरची गावांची पोर्तुगीज नावं एखाद्या जाणत्या आजीला किंवा काकांना दाखवा, चटकन सांगतील.

आणि पावसाळ्याचं सांभाळा. आपल्याकडच्या दमट हवेत तिकिटांना तांबडे डाग पडतात आणि मागचा गोंद पानाला धरतो. आल्बम उभा ठेवा, घट्ट कोंबू नका, महिन्यातून एकदा कोरड्या दिवशी पानं उलटा. चिकटलेलं तिकीट ओढू नका.

आता पहिलं काम: काळ्या कागदावर ठेवून प्रत्येक पान स्कॅन करा, म्हणजे दाते स्पष्ट दिसतील. पाकिटं दोन्ही बाजूंनी. १८७१ ची तिकिटं आणि १९६१-६२ ची पाकिटं असतील तर त्यांचे स्कॅन इथेच टाका, रेषा आणि शिक्के मी बघून सांगतो.