पुस्तकातला सुरवंट आणि कढीपत्त्यावरचा

ताई, तिसरीच्या परिसर अभ्यासाला चित्रपुस्तकं चालतात का, हा तुमचा पहिला प्रश्न. खुशाल वापरा. बोलणाऱ्या प्राण्यांमुळे मुलांच्या डोक्यात चुकीचं बसेल का, हा दुसरा. त्याची काळजी सोडा. ससा बोलत नाही हे पोरांना पक्कं ठाऊक असतं. जपायचं ते अगदी खऱ्यासारख्या दिसणाऱ्या चित्रांपासून.

माझ्याच वर्गातलं सांगते. पुस्तकातला सुरवंट स्वतःभोवती रेशमाचं घर विणून फुलपाखरू होत होता. त्याच आठवड्यात एकीनं आजीच्या कुंडीतली कढीपत्त्याची फांदी आणली, वर सुरवंट. (पावसाळ्यात पुण्यात लिंबू-कढीपत्ता शोधा, बहुधा सापडतातच.) लहान असताना ते थेट पक्ष्याच्या शिटेसारखे दिसतात, त्यामुळे आधी सगळ्यांनी नाकं मुरडली. कात टाकत टाकत हिरवेगार झाले. मग एकानं मागचं टोक फांदीला चिकटवलं, कमरेला एक धागा बांधला आणि थांबला. दुसऱ्या दिवशी कातडी गळून कोष तयार! "बाई, यानं विणलं कुठं?" पुस्तक पुन्हा उघडलं. रेशमाचं घर विणतात ते बरेचसे पतंग. फुलपाखराचा कोष सहसा उघडाच असतो. चित्रकाराची चूक पोरांनी पकडली, त्या आनंदात दोन तास गेले.

तेव्हापासून मी बिनचूक पुस्तकाच्या मागे लागत नाही. चंद्रकोरीच्या दोन टोकांमध्ये चांदणी काढलेली असते ना? तिथं चंद्राचाच अंधारा भाग असतो, चांदणी दिसेल कशी? परदेशी पुस्तकात पानं ऑक्टोबरात लाल होऊन गळतात. आपला पळस फेब्रुवारी-मार्चमध्ये निष्पर्ण होऊन फुलतो. तेवढ्यासाठी वर्ग टेकडीवर न्या.

वाचताना पान उलटण्याआधी थांबा, पुढं काय होईल ते वहीत काढायला लावा, खाली तारीख. तात्पर्य मात्र विचारू नका, कृपा करून. बालभारतीचा धडा यानंतर घ्या, आधी नको.

पुस्तकांना पैसे नसतील तर स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी पुस्तकं फुकट आहेत. टाकाऊतून विज्ञानाची खेळणी करणाऱ्या अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावरही भरपूर मिळतील. भाषांतरं मात्र आधी स्वतः मोठ्यानं वाचून बघा, काही फार अडखळतात.

सुरवंट पाळलेत तर डब्याला झाकण नको, जाळीचं कापड बांधा. पानं रोज ताजी, औषध न मारलेली. आणि शनिवार-रविवार डबा कोणाच्या घरी जाणार हे शुक्रवारी सकाळीच ठरवा, सुटताना भांडणं होतात.