विषय तेच, मग चार वर्षं कशाला?

तासगाव तालुक्यातल्या एका द्राक्षबागायतदार पालकांचं पत्र आलंय. थोडक्यात असं: "मुलगी बारावी सायन्सला आहे, ग्रुप पीसीबी. डॉक्टरकीचा खर्च आम्हाला झेपणारा नाही. तिची मामी म्हणते, बी.एस्सी. नर्सिंगला घाला. मी दोन्ही कोर्सचे विषय कागदावर उतरवून बघितले. नर्सिंगला अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री, मायक्रोबायोलॉजी, पॅथॉलॉजी. लॅबच्या कोर्सलाही तेच. डीएमएलटी (लॅब टेक्निशियनची पदविका) दोन वर्षांत होत असेल तर चार वर्षं कशाला घालवायची? गावातच लॅब टाकून देता येईल आणि रात्रपाळीही करायला नको." त्याच पत्राच्या खाली मुलीनं वेगळ्या शाईनं लिहिलंय: "मॅडम, मला मायक्रोस्कोपमध्ये बघायला लई आवडतं. घरी आजीच्या पायाचं ड्रेसिंगपण मीच करते, तिची शुगर मशीनवर बघून वहीत लिहिते. मग मी कुठं जाऊ?"

दादा, सप्रेम नमस्कार.

तुम्ही दोन्हीकडचे विषय शेजारी शेजारी मांडून वाचलेत, याचं मला फार बरं वाटलं. माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत फी आणि पगार असतो, एवढी वर्षं शिकायचं काय हे क्वचितच कुणी विचारतं. म्हणून उत्तर तुमच्या त्या कागदापासूनच सुरू करते.

एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी तुम्ही दरवर्षी करता. वेल तीच, कात्री तीच, बऱ्याचदा माणसंही तीच. पण एप्रिलला नजर काडीवर असते आणि ऑक्टोबरला घडावर. एप्रिलच्या हिशेबानं ऑक्टोबरची कात्री चालवली तर काय होईल ते मी तुम्हाला सांगायला नको. या दोन कोर्सचं तसंच आहे. धडा एकच असतो, पण तो वाचताना एकीची नजर माणसावर असते आणि दुसरीची नमुन्यावर.

मायक्रोबायोलॉजीतलं ग्रॅम स्टेनिंग घ्या. जंतू रंगवून ओळखायची, १८८४ पासून चालत आलेली ही पद्धत दोन्ही कोर्सना आहे. लॅबची मुलगी ती हातानं शिकते: काचपट्टीवर पातळ थर, क्रिस्टल व्हायोलेट, मग आयोडीन, मग अल्कोहोल, शेवटी सॅफ्रॅनिन. अल्कोहोल जरा जास्त वेळ राहिलं की जांभळे दिसायला हवेत ते जंतू गुलाबी दिसतात आणि रिपोर्ट उलटा जातो. तिची परीक्षा या सेकंदांची. नर्सिंगच्या मुलीलाही जांभळं म्हणजे काय आणि गुलाबी म्हणजे काय हे येतं, पण तिला विचारतात ते वेगळंच. कल्चरचं, म्हणजे जंतू वाढवून बघायचं रक्त अँटिबायोटिकचा पहिला डोस द्यायच्या आधी घेतलं का? कातडी कशानं आणि किती वेळ पुसली? या खाटेवरून त्या खाटेकडे जाताना हात धुतले का? तिच्या अभ्यासक्रमात तर विषयाचं नावच मायक्रोबायोलॉजीला 'संसर्ग नियंत्रण' जोडून येतं, तिसऱ्या सत्रात.

रक्त गोठण्याचा धडाही तसाच. निळ्या टोपणाच्या नळीत सायट्रेट असतं, एका भागाला रक्त नऊ भाग. नळी अर्धीच भरली तर सायट्रेट जास्त होतं आणि रक्त गोठायला लागणारा वेळ खोटाच लांबलेला दिसतो. अशी नळी परत पाठवायची हे लॅबवाली शिकते. रक्त पातळ करायची गोळी चालू असलेल्या बाईच्या हिरड्यांतून रक्त येतंय का, लघवीचा रंग बदललाय का, घरी जाताना तिला काय समजावून सांगायचं, हे नर्सिंगवाली शिकते. दोन्ही मुलींच्या वहीत प्रोथ्रॉम्बिन (रक्त गोठायला लागणारं प्रथिन) हा एकच शब्द असतो.

हे मी नुसतं पुस्तकातून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी माझी आई जुलाबानं अशक्त होऊन दवाखान्यात दाखल होती. सकाळच्या रिपोर्टात पोटॅशियम सातच्या वर. पाचच्या आसपास थांबायला हवा असा हा आकडा, एवढा चढला तर हृदय थांबू शकतं. आमचे हातपाय गळाले. वॉर्डातल्या सिस्टरनी मात्र आधी आईकडे बघितलं. ती उठून बसली होती, चहात साखर कमी पडली म्हणून तक्रार करत होती. "डॉक्टर, या तर नीट बोलताहेत. आधी ईसीजी काढू," असं सिस्टर म्हणाल्या. ईसीजी व्यवस्थित आला. तेवढ्यात लॅबमधून फोन: पोटॅशियम जास्त आहेच, पण कॅल्शियमही भलतंच कमी आहे, दोन्ही एकदम म्हणजे नमुन्यात गडबड दिसते, नव्यानं रक्त घेऊन पाठवा. झालं असं होतं की साध्या नळीत रक्त कमी पडलं म्हणून कुणीतरी जांभळ्या टोपणाच्या नळीतलं थोडं त्यात ओतलं होतं. जांभळ्या नळीतलं ईडीटीए हे पोटॅशियमचं मीठ. ते रक्त गोठू देत नाही ते कॅल्शियमला बांधून ठेवूनच. दुसऱ्या नमुन्यात सगळं ठीक निघालं. सिस्टरनी चूक माणसाकडे बघून पकडली आणि टेक्निशियननं आईला न बघता, दोन आकड्यांवरून. दोघींनी बायोकेमिस्ट्री शिकलेली होती. त्या दिवशी कुणा एकीलाही ती येत नसती तर काय झालं असतं, हा विचार मनातून अजून जात नाही.

फुलोऱ्यात देठ परीक्षणाला तुम्ही घडासमोरच्या पानाचा देठ पाठवता, भलत्याच पानाचा पाठवला तर प्रयोगशाळा कितीही चांगली असो, खताचा डोस चुकतो. रक्ताचंही तेच. लॅबच्या कामातल्या पुष्कळ चुका मशीनवर होत नाहीत, नमुना मशीनवर चढायच्या आधीच होतात, आणि तो नमुना बऱ्याच वेळा सिस्टरच्या हातून येतो.

आता नावं सारखी नसलेल्या विषयांकडे या, कारण खरा फरक तिथं उघडा पडतो. बी.एस्सी. नर्सिंगचा भारतीय परिचर्या परिषदेचा नवा अभ्यासक्रम २०२१-२२ पासून लागू झाला. एकूण आठ सत्रं. पहिल्याच सत्रात शरीररचनेच्या बरोबरीनं समाजशास्त्र, मानसशास्त्र आणि इंग्रजी संभाषण. पुढे आहारशास्त्र, औषधशास्त्र, मोठ्यांची शुश्रूषा, बालरुग्ण, मानसिक आरोग्य, गावपातळीवरचं सामुदायिक आरोग्य, प्रसूतिशास्त्र, वॉर्ड चालवण्याचं व्यवस्थापन, संशोधन आणि संख्याशास्त्र. शेवटचं सत्र पूर्ण इंटर्नशिपचं. हजेरी ८० टक्के लागते, पण वॉर्डातलं प्रात्यक्षिक शंभर टक्के भरल्याशिवाय पदवी मिळत नाही. आजारी पडून बुडालेले दिवससुद्धा भरून काढावे लागतात. मुलीला हे आधीच सांगा.

लॅबकडे नमुना आत खोल जातो. रक्तपेशी मोजणं, पेशींचे आकार ओळखणं, ऊतींचे पातळ काप करून रंगवणं, जंतू वाढवणं, रक्तपेढीत गट जुळवणं, आणि मुलांना कंटाळवाणा वाटणारा पण मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटणारा भाग: गुणवत्ता नियंत्रण. रुग्णाचे नमुने लावायच्या आधी ठाऊक असलेल्या किमतीचा नमुना मशीनला द्यायचा, आलेला आकडा आलेखावर टिंबानं मांडायचा, टिंबं एकाच बाजूला सरकायला लागली की थांबायचं. कुणी बघत नसतानाही हे रोज सकाळी करण्याचा स्वभाव लागतो. तुमच्या लेकीनं आजीची शुगर वहीत लिहून ठेवलीय, त्यामुळे तो स्वभाव तिच्यात असावा असं वाटतं.

दोन वर्षं की चार, या तुमच्या हिशेबात एक गोष्ट राहून गेलीय. तुम्ही पदविकेची तुलना पदवीशी करताय. लॅबची पदवीही चारच वर्षांची पडते: नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा बीपीएमटी हा पॅरामेडिकल पदवीचा कोर्स तीन वर्षांचा, वर एक वर्ष इंटर्नशिप. उलट नर्सिंगमध्ये जीएनएम ही तीन वर्षांची पदविकाही आहे. डीएमएलटीला किंमत नाही असं मी म्हणणार नाही, ते करून उत्तम काम करणारी माणसं मी बघितलीत. पण केवळ लवकर संपतं म्हणून ते घेऊ नका. लॅबकडे जायचं ठरलं आणि घरची ओढाताण होत नसेल तर पदवीच करू द्या.

गावात लॅब टाकण्याबद्दल मात्र मला स्पष्ट बोललं पाहिजे. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं लॅबच्या रिपोर्टवर पॅथॉलॉजीचं पदव्युत्तर शिक्षण झालेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी ही भूमिका मान्य केली. डीएमएलटी झालेली मुलगी रक्त घेईल, तपासणी करेल, पण निव्वळ तिच्या सहीवर रिपोर्ट देता येणार नाही. 'सहीचं बघू नंतर' असं कुणी सांगत असेल तर त्या माणसाचा सल्ला घेऊ नका, पोरीचं नाव त्यात अडकेल. गावाजवळ राहून काम करायचं असेल तर नर्सिंगकडे एक वाट आहे: बी.एस्सी. नर्सिंग झालेल्यांना उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून काम करता येतं.

रात्रपाळी दोन्हीकडे असते. रात्री दोनला अपघाताचा पेशंट आला तर रक्तगट जुळवायला लॅबमध्येही कुणीतरी जागंच असतं.

प्रवेशाचं थोडक्यात: बी.एस्सी. नर्सिंगला बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून ४५ टक्के आणि इंग्रजी पास, राखीव प्रवर्गाला ४० टक्के, वय १७ पूर्ण. त्यासाठी राज्याच्या सीईटी कक्षाची वेगळी परीक्षा असते, तिचा फॉर्म बारावीच्या धांदलीत राहून जातो, तो चुकवू नका. कॉलेज बघताना इमारत नंतर बघा, आधी दोन प्रश्न विचारा. एक, नर्सिंग असेल तर भारतीय परिचर्या परिषद आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता, लॅबचं असेल तर शिकून झाल्यावर महाराष्ट्र परावैद्यक परिषदेत नोंदणी होते का, हे कागदावर दाखवा. दुसरा, मुली प्रात्यक्षिकाला कुठल्या रुग्णालयात जातात आणि तिथं खाटा किती भरलेल्या असतात? रिकाम्या वॉर्डात नर्सिंग शिकता येत नाही, आणि दिवसाला दहा नमुने येणाऱ्या लॅबमध्ये डोळा तयार होत नाही. आपल्या भागाचं नशीब असं की मिरजेला १८९४ साली मिशनचं रुग्णालय सुरू झालं, १९६२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, सांगलीत सिव्हिल आहे, पलीकडे कराडही फार लांब नाही. तासगावहून सकाळच्या एस.टी.नं मुलगी येऊन बघून जाऊ शकते. ओळखीच्या सिस्टर आणि ओळखीचे टेक्निशियन, दोघांकडे एकेक सकाळ परवानगी घेऊन तिला बसू द्या. तुम्ही बरोबर या, पण बाहेर थांबा.

आता बाळ, तुझ्यासाठी.

मायक्रोस्कोप आवडतो म्हणून लॅब आणि ड्रेसिंग करतेस म्हणून नर्सिंग, एवढ्यावर मी तुला पाठवणार नाही. बारावीत मायक्रोस्कोप सगळ्यांनाच आवडतो, आणि आपल्या आजीची जखम धुणं वेगळं, दिवसाला पंधरा अनोळखी माणसांच्या जखमा धुणं वेगळं. तुझं पत्र वाचताना माझं मन नर्सिंगकडे थोडं झुकलं हे खरं, कारण आजीचं काम तू आपणहून अंगावर घेतलंयस. पण तुझी ती वही मला जास्त सांगेल.

तिच्यात एखादा दिवस असा असेल की आजीची शुगर नेहमी दीडशेच्या आत-बाहेर असते आणि त्या दिवशी एकदम अडीचशेच्या वर गेली. द्राक्षाच्या हंगामात घरात हे सहज होतं. घड निवडलेल्या बोटाला गोड रस लागलेला असतो, हात न धुता त्याच बोटाला सुई टोचली की मशीन रक्ताबरोबर त्या रसातलीही साखर मोजतं. त्या दिवशी आकडा बघून तू पहिल्यांदा काय केलंस? आजीचे हात साबणानं धुवून, पुसून, दुसऱ्या बोटाला परत टोचून बघितलंस? की मशीन बाजूला ठेवून आजीजवळ बसलीस आणि 'आजी, गोळी घेतलीस का, काय खाल्लंस, चक्कर येतेय का' असं विचारलंस? दोन्ही बरोबरच आहे. पण आधी काय सुचलं ते आठव, वहीचं ते पान काढ आणि मला लिही. बाबांना दाखवायच्या आधी लिहिलंस तरी चालेल.