गोड-मसालेदार परफ्यूम कागदावर एक आणि मनगटावर दुसराच का वाटतो?

आपण लिहिले आहे की कॅम्पातल्या दुकानात कागदी पट्टीवर आवडलेला दालचिनी, लवंग आणि व्हॅनिलाचा परफ्यूम घरी मनगटावर आधी नाकाला झोंबतो, मग फार गोड होतो आणि दोन तासांनी येईनासा होतो, त्यामुळे बाटली बनावट असल्याची शंका येते. एवढ्या लक्षणांवरून मी तरी तिला बनावट म्हणणार नाही. या जातीचे परफ्यूम अंगावर असेच उलगडतात.

पहिला झोंबरेपणा बऱ्याच अंशी अल्कोहोलचा असतो आणि तो लगेच उडून जातो. संत्र्याच्या सालीतले लिमोनीन सुमारे 176 अंश सेल्सिअसला उकळते, लवंगेतले युजेनॉल सुमारे 254 आणि व्हॅनिलातले व्हॅनिलिन सुमारे 285 अंशांना. मनगटावर अर्थातच काही उकळत नाही, परंतु आधी कोण उडणार आणि मागे कोण रेंगाळणार याचा ढोबळ अंदाज या आकड्यांवरून येतो. त्वचा कागदापेक्षा उबदार असल्यामुळे फळांचा आणि वेलदोड्याचा ताजेपणा तिच्यावरून लवकर निघून जातो आणि खालचा गोडवा लवकर उघडा पडतो. मनगटे एकमेकांवर घासल्यास हे आणखी लवकर घडते. पुण्यातल्या डिसेंबरच्या कोरड्या हवेत त्वचा रुक्ष असेल, तर आधी बिनवासाचे मॉइश्चरायझर लावावे. सुगंध अधिक काळ धरून राहतो.

माझ्या मते या परफ्यूमची खरी परीक्षा मधल्या टप्प्यात होते, जेव्हा लवंग आणि व्हॅनिला यांच्यातली सीमारेषा पुसट होत जाते. रासायनिकदृष्ट्या ही दोन्ही जवळची नातलग आहेत, इतकी की एके काळी लवंगेच्या तेलातील युजेनॉलपासूनच व्हॅनिलिन तयार केले जात असे. 1977 साली बाजारात आलेल्या इव्ह सेंट लॉरेंच्या ‘ओपियम’मध्येही लवंगेचा तिखटपणा आणि राळेसारख्या द्रव्यांचा गोडवा यांची सांगड आहे. हलक्या दर्जाच्या मिश्रणात मात्र मसाला अचानक संपतो आणि मागे नुसता साखरेचा पाक उरतो.

आता दोन तासांनी वास ‘येईनासा’ होण्याविषयी. एकच गंध सतत येत राहिला की नाक त्याची दखल घेणे थांबवते, आणि व्हॅनिलासारख्या एकसुरी, दीर्घकाळ दरवळणाऱ्या गंधाबाबत हे सहज घडते. म्हणून पुन्हा फवारण्यापूर्वी थोडा वेळ बाहेर मोकळ्या हवेत फिरून यावे किंवा घरातल्या कुणाला विचारावे. दोन फवारे पुष्कळ झाले. एप्रिलच्या दुपारी, पीएमपी बसच्या गर्दीत, तर एकही जास्त वाटू शकतो, आणि शेजारी उभ्या असलेल्या प्रवाशाने काय पाप केले आहे? मी स्वतः असे परफ्यूम थंडीसाठी राखून ठेवतो.

दालचिनीतल्या सिनॅमाल्डिहाइडची काही जणांना ॲलर्जी असते, त्यामुळे त्वचा लाल झाल्यास किंवा खाज सुटल्यास वापर थांबवावा. पांढऱ्या कपड्यांवर थेट फवारू नये, कारण डाग पडू शकतात. शिवाय काही महिन्यांनी बाटलीतला द्रव तपकिरी होत गेला, तरी तेवढ्यावरून ती बनावट ठरवू नये. व्हॅनिलिन असलेल्या परफ्यूमचा रंग काळाबरोबर गडद होतोच, आणि खिडकीतल्या उन्हात ठेवल्यास अधिक लवकर.