सावलीतले बैल: शेड की शॅडो?

ताई, ‘बैल झाडाच्या सावलीत उभे आहेत’ याचं इंग्रजी करताना तुमच्या मुलीनं शॅडो लिहिलं, म्हणून सरांनी लाल रेघ मारली. रेघ जरा कडकच म्हणायची. वाक्य व्याकरणात बसतं, पण इंग्रजी माणसाच्या तोंडी तिथे शेडच (shade) येईल.

आपल्या एका ‘सावली’त दोन गोष्टी आहेत. उन्हातून मिळालेली सुटका ती शेड. भुईवर उमटलेला काळा आकार ती शॅडो. म्हणून शॅडो मोजता येते, चार बैलांच्या चार. सुटका कशी मोजणार? ती थोडी नाहीतर भरपूर. (रंगांच्या शेड मात्र मोजतात, पण तिथे आपण छटा म्हणतो.)

मी पोरांना शून्य सावली दिवसाचं उदाहरण देतो. नागपुरात तो 26 मेच्या सुमारास येतो. दुपारी बारा वाजून दहा मिनिटांच्या आसपास सूर्य थेट डोक्यावर असतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या पायाखालीच जिरते. इंग्रजीत त्याला झीरो शॅडो डे म्हणतात. पण त्याच घटकेला धुऱ्यावरच्या कडुनिंबाखाली बसा, शेड आहेच! झाडाचा विस्तार मोठा, त्यामुळे सावली बरोबर बुडाशी गोळा झालेली. जेवायला याहून चांगली जागा नाही.

पेपरात अकोल्याचा पारा 45 वर गेल्याचं छापून येतं, तेही शेडमधलं तापमान. तापमापी पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत ठेवलेली असते. भर वावरात डोकं किती तापतं ते त्या आकड्यात नाही.

मुळात हे दोन शब्द नव्हतेच. जुन्या इंग्रजीत एकच शब्द होता. त्याच्या मूळ रूपाचं शेड झालं, विभक्तीच्या रूपाचं शॅडो. जणू आपल्या ‘घोडा’ आणि ‘घोड्या’चे दोन निराळे शब्द होऊन बसावेत.

आणि एक घोटाळा आधीच निस्तरून ठेवा. आपण गोठ्यावर टिनाचं शेड टाकतो, तो इंग्रजीत तिसराच शब्द (shed). देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून पोरं फसतात. तोही बहुतेक याच सावलीतून निघालेला, असं कोशकार म्हणतात. मे महिन्यात मात्र ते खरं वाटत नाही. भर दुपारी बैल टिनाखाली बांधून पाहा, दावं ताणून कडुनिंबाकडेच ओढ घेतात.