हिरवा, बारीक साप खरंच टाळू फोडतो का?

पाटणजवळच्या तुमच्या घरी, अंगणातल्या जास्वंदीवर पोपटी रंगाचा, टोकदार तोंडाचा साप चार दिवस दिसतोय, शेजारी म्हणतात टाळू फोडतो, तर मारावा का, असं तुम्ही विचारलंय. मारू नका. वर्णनावरून तो हरणटोळ आहे. कुणी सर्पटोळही म्हणतं.

फोटो नाही, म्हणून लांबूनच एक गोष्ट बघून घ्या. आपल्याकडे कोयनेच्या जंगलपट्ट्यात आणखी एक हिरवा साप आहे, चापडा. त्याचं डोकं तिकोनी, मान बारीक, अंग आखूड आणि जाडसर. दिवसा बहुतेक वेळ वेटोळं करून पडलेला. तो खरा विषारी, त्याच्याशी गंमत नाही. तसा वाटला तर सर्पमित्राला बोलवा. हरणटोळ चाबकाच्या वादीसारखा लांब आणि सडपातळ, दिवसा हिंडणारा. डोळ्याची बाहुली आडवी. आपल्याकडच्या दुसऱ्या कुठल्या सापाची अशी बघितल्याचं मला आठवत नाही. डोळ्यापासून नाकाच्या टोकापर्यंत खाच असते, त्यामुळे दोन्ही डोळ्यांनी समोरचं एकदम दिसतं आणि अंतराचा अंदाज पक्का येतो.

आता टाळूचं. करवंदं काढायला निघालो की आजी आमच्या डोक्याला टॉवेल गुंडाळायला लावायची, ती याच्याच भीतीने. पण हाड फोडण्याइतका जोर त्याच्या जबड्यात नाही आणि तोंडाचं ते टोक नुसतं कातडीचं आहे. मला वाटतं, हा बसतोच आपल्या डोक्याच्या उंचीवर. जाळीत तोंड घातलं की तो घाबरून समोर येईल त्यावर झेपावतो, आणि समोर असतो आपला चेहरा. श्रीलंकेत तर याच्या सिंहली नावाचा अर्थच ‘डोळे टिपणारा’ असा आहे. त्यावरूनच अहेतुल्ला हे शास्त्रीय नाव आलं. म्हणजे आपण टाळू सांभाळतो, ते डोळे.

विष आहे, पण सौम्य. विषाचे दात वरच्या जबड्यात मागच्या बाजूला असतात, त्यामुळे भक्ष्य धरून चावत राहिल्याशिवाय ते नीट भिनत नाही. एकदा करवंदीच्या जाळीत मी याला सरडा धरताना पाहिलं. आधी बराच वेळ तो फांदीबाहेर हातभर अंग काढून, जीभ सरळ पुढे ताणून, वाऱ्याबरोबर डुलत होता. मी काडीच समजलो होतो. मग एका झेपेत सरड्याची मान धरली, उचलून अधांतरी लोंबकळत ठेवला आणि चावत राहिला. सरडा ढिला पडल्यावरच गिळायला घेतला. मी जवळ सरकलो तसा अंग फुगवून, तोंड वासून बसला. खवल्यांमधली काळी-पांढरी कातडी दिसायला लागली. गडी असा भेदरवतो!

माणसाला चावला तर दुखतं, सूज येते, दोन-चार दिवसांत उतरते. तरीही दवाखान्यात जाच, कारण ओळखण्यात आपली चूक झालेली असू शकते. चिरणं, आवळून बांधणं, मंत्र, यातलं काही करू नका.

हा अंडी घालत नाही, थेट पिल्लं देतो. जुन्या पुस्तकांत त्याचं नाव अहेतुल्ला नासुटा असं सापडेल. २०२० मध्ये अभ्यासकांनी ते नाव श्रीलंकेतल्या सापापुरतं ठेवलं; उत्तर सह्याद्रीतला आता अहेतुल्ला बोरिआलिस. शेजाऱ्यांना यातलं काही सांगत बसू नका, सरडे-बेडूक खाऊन जाईल एवढंच सांगा.

पूजेची फुलं तोडण्याआधी लांब काठीने फांदी हलवा. फांदी थांबल्यावरही एखादी काडी डुलत राहिली, तर त्या दिवशी कण्हेरीची फुलं घ्या.