खाडा पडला, मग दुसऱ्या दिवशी काय केलंत?

"मॅडम, माझ्यात सातत्यच नाही." दादरच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हे वाक्य मी सतत ऐकते. बोलणारी माणसं वेगवेगळी असतात. कोणी स्पर्धा परीक्षेला बसलेलं असतं, कोणाला शुगरमुळे डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलेलं असतं, तर कोणी नोकरी सांभाळून स्वतःचं काम उभं करू पाहत असतं. सगळ्यांना इच्छाशक्ती वाढवायचा उपाय हवा असतो. मी मात्र इच्छाशक्तीबद्दल फारसं बोलत नाही. का, ते मानसीच्या गोष्टीतून सांगते. (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

मानसी पस्तिशीची. भांडुपला राहते आणि फोर्टमधल्या एका बँकेत कॅश काउंटरवर बसते. तिला जेएआयआयबी ही बँक कर्मचाऱ्यांची परीक्षा द्यायची होती. चार पेपर, पास झाल्यावर इन्क्रिमेंट आणि पुढे ऑफिसर व्हायची वाट. अभ्यास दोन वर्षं 'सुरू' होता. मी तिला अभ्यासाची वही आणायला सांगितलं. वहीत गुढीपाडव्याला आखलेलं वेळापत्रक होतं: पहाटे पाचला दीड तास अभ्यास, अर्धा तास चालणं. अकरा दिवस बरोबरच्या खुणा, पुढची पानं कोरी. मग जूनच्या एक तारखेपासून नवं वेळापत्रक, तेही आठवड्याभरात थांबलेलं. पुढे गणपतीनंतरचं, मग एक जानेवारीचं. अक्षर प्रत्येक वेळी सुरेख, समासही आखलेले.

"बाराव्या दिवशी काय झालं होतं?"

"मुलीला ताप होता. रात्रभर जागरण."

"आणि तेराव्या दिवशी?"

ती बराच वेळ वहीकडे बघत राहिली. "तेराव्या दिवशी काहीच नव्हतं. ती शाळेतसुद्धा गेली होती."

"मग त्या दिवशी अभ्यासाला का नाही बसलात?"

"खाडा पडला होता ना. म्हटलं, आता काय, गेलंच सगळं. नीट एक तारखेपासून करू."

मी तिला तिच्याच कामाबद्दल विचारलं. संध्याकाळी कॅश जुळली नाही तर काय करता? "परत मोजतो. व्हाउचर तपासतो. नाहीच सापडलं तर फरकाची नोंद करतो."

"आणि दुसऱ्या दिवशी काउंटर?"

"उघडतोच की. लोक उभे असतात."

"एक तारखेपर्यंत बंद नाही ठेवत?"

ती हसायला लागली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. "मॅडम, म्हणजे मी आळशी नाहीये?" दोन वर्षं स्वतःला आळशी म्हणत पहाटे पाचला उठू पाहणारी ही बाई! माझ्या मते समुपदेशनाचं खरं काम इथे सुरू होतं, माणसाने स्वतःवर मारलेला शिक्का निघतो तिथे.

मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांच्या वाटेने काम करते. ते सांगत की त्रास घटनेपेक्षा घटनेबद्दल आपण धरलेल्या हट्टातून जास्त होतो. 'रोज व्हावं' ही चांगली इच्छा आहे. 'रोज झालंच पाहिजे, नाहीतर मी बिनकामाची' हा हट्ट. सवय मोडते ती या हट्टामुळे, तापाच्या रात्रीमुळे नाही. म्हणूनच 'दुसऱ्या दिवशी काय केलंत?' हा प्रश्न मी पहिल्याच भेटीत विचारते, आणि तो बहुतेक वेळा नेमकी गाठ दाखवतो.

याला अभ्यासाचा आधारही आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. सवय अंगवळणी पडायला कोणाला १८, तर कोणाला २५४ दिवस लागतील, असा अंदाज त्यातून निघाला. मधला आकडा ६६. एखाद्या दिवशीच्या खाड्याने फारसा फरक पडत नाही, हेही त्यात दिसलं. २१ दिवसांत सवय लागते हे जे सगळीकडे सांगितलं जातं, त्याचं मूळ बहुधा प्लास्टिक सर्जन मॅक्सवेल माल्ट्झ यांच्या १९६० मधल्या निरीक्षणात आहे. ते होतं रुग्णांना स्वतःचा बदललेला चेहरा सवयीचा होण्याबद्दल! त्या आकड्यावर विसंबून बाविसाव्या दिवशी खचलेली माणसं पाहिली की मला फार वाईट वाटतं.

मग आम्ही पहाटे पाचचा बेत सोडून दिला. सकाळी दोन डबे आणि मुलीची शाळा, त्यात दीड तास कुठून आणणार? संध्याकाळी सीएसएमटीहून सुटणाऱ्या स्लो लोकलमध्ये मात्र तिला बसायला मिळायचं. तेवढं एकच ठरवलं: जागा मिळाली की पर्समधून आधी प्रश्नांची झेरॉक्स काढायची, मोबाइल नंतर. दहा प्रश्न. दमली असेल तर दोन, पण झेरॉक्स बाहेर निघालीच पाहिजे. वेळेपेक्षा रोज हमखास घडणाऱ्या गोष्टीला सवय जोडली तर ती टिकते, हा माझा पक्का अनुभव आहे. मुंबईत घड्याळ आपल्या हातात नसतं, सीटवर बसणं मात्र रोज घडतं. तुमच्या बाबतीत ते दुसरं काही असेल: चहाचा कप धुवून ठेवणं, दुकानाचं शटर वर करणं. ते शोधा, आणि सुरुवातीला काम इतकं लहान ठेवा की ते टाळायला कारण सापडू नये.

जुलैत कुर्ल्याला रुळांवर पाणी आलं आणि ती रात्री उशिरा कशीबशी घरी पोचली. पुढच्या भेटीत आल्या आल्या तिने सांगितलं, "मॅडम, मंगळवारी खाडा. बुधवारी काढली झेरॉक्स." बस, एवढंच. पुढे तिला मिळालेल्या मार्कांपेक्षा मला या वाक्याचा आनंद जास्त झाला.

एक मात्र सांगायलाच हवं. दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास असेल, झोप-भूक बिघडली असेल, आवडीच्या गोष्टीही नकोशा झाल्या असतील, तर तो सातत्याचा प्रश्न समजू नका. डॉक्टरांना भेटा, किंवा टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. ही सरकारी सेवा मोफत आहे आणि चोवीस तास चालते.

पावसाळ्यानंतरच्या परीक्षेत मानसी दोन पेपर पास झाली. उरलेले दोन पुढच्या खेपेला. आता चालणंही सुरू करू का, असं ती विचारत होती. मी म्हटलं, झेरॉक्स आठवण न करता हातात येऊ लागली की बोलू.