हप्ता दर महिन्याचा, गिऱ्हाईक सुट्टीपुरतं

प्रश्न : वाळूजला कंपनीत सुपरवायझर आहे, पगार हातात 58 हजार येतो. पत्नी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. गावाकडची जमीन विकल्यावर वाट्याला आलेले 18 लाख एफडीत आहेत, मुदत पुढच्या महिन्यात संपते. ट्रॅव्हलर मिनीबसवर बांधलेली, चार माणसं झोपतील अशी कॅराव्हॅन 28 लाखांना मिळतेय. 8 लाख भरायचे, 20 लाख कर्ज 11 टक्क्यांनी 5 वर्षांसाठी. दिवसाला 9 हजार भाडं मिळेल, महिन्याला 15 दिवस गाडी लागेल, असं बांधून देणारा म्हणतो. आपल्यालाही सुट्टीत फिरता येईल. मित्राचं म्हणणं, त्यापेक्षा नाथसागरावर, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयात, भागीदारीत बोट टाकू, 6-6 लाख घालून. काय करावं?

उत्तर : कॅराव्हॅन विकत घेऊ नका. सुट्टीत भाड्याने जरूर घ्या. बोटीत भागीदारीने तर अजिबात पडू नका. आता कारणं सांगतो.

20 लाखांचा हप्ता बसतो 43,485 रुपये. त्यावर विमा, परमिट, टॅक्स, फिटनेस, टायर, दुरुस्ती आणि गाडी उभी करायला जागा हे सगळं मिळून वर्षाला 2 लाख 40 हजार धरा, म्हणजे महिन्याला 20 हजार. गाडी हलो न हलो, महिन्याला साडेत्रेसष्ट हजार जाणारच. दुसरीकडे 9 हजार भाड्यातून ड्रायव्हर, बुकिंग देणाऱ्याचं कमिशन, चादरी-धुलाई, गॅस, साफसफाई जाऊन तुमच्या हातात साडेपाच हजार राहिले तरी पुष्कळ झाले. डिझेल गिऱ्हाइकाकडे, असं मी धरलंय. या हिशोबाने नुसतं बरोबरीत यायला महिन्याला साडेअकरा दिवस, वर्षाला जवळपास 139 दिवस गाडी भाड्यावर असायला हवी.

हे 139 दिवस कॅलेंडरवर शोधून बघा. नोव्हेंबर ते फेब्रुवारीचे शनिवार-रविवार साधारण 34. दिवाळीची सुट्टी आणि नाताळ ते नवीन वर्ष मिळून आणखी 13. श्रावणात वेरूळ, औंढा, परळीला रीघ लागते, शिवाय जोडून आलेल्या सुट्ट्या असतात, त्याचे 25 धरू. झाले 72, तेही एकही शनिवार रिकामा गेला नाही तर. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे दुपारी पत्रा चटके देतो, गाडीतला एसी रात्रभर चालवायचा तर बाहेरून वीज किंवा जनरेटर लागतो. त्या महिन्यांवर मी भिस्त ठेवणार नाही. उरलेले 67 दिवस गुणिले साडेपाच हजार म्हणजे वर्षाला साडेतीन लाखांच्या वर खिशातून घालावे लागतील. तुमच्या पगाराचे सहा महिने.

महिन्याला 15 दिवस म्हणणाऱ्याचा धंदा गाडी विकण्याचा आहे. त्याने आधी विकलेल्या दोन मालकांची बुकिंगची वही आणि बँकेचं स्टेटमेंट दाखवलं तर माझं मत बदलेल. फोटो आणि रील नकोत.

गिऱ्हाईक कोण, हाही विचार करा. आपल्याकडचं कुटुंब तुळजापूरला किंवा परळीला निघतं तेव्हा दहा-बारा माणसं असतात, आजीपासून तान्ह्यापर्यंत. ते भक्तनिवासात उतरतात. चौघांच्या गाडीत ड्रायव्हर कुठे झोपणार, हा प्रश्न त्यांनी विचारला की सौदा तिथेच थांबतो. चौघांच्या राहण्यासाठी दिवसाला 9 हजार मोजणारं गिऱ्हाईक जास्त करून पुण्या-मुंबईचं. त्याला गाडी दारात हवी असते, म्हणजे पुण्यापर्यंत जाता-येता रिकामा फेरा तुमच्या डिझेलवर. अजिंठ्याला तर खासगी वाहन फर्दापूरच्या फाट्यावरच थांबतं, पुढे लेण्यापर्यंत बसने जावं लागतं. 28 लाखांचं फिरतं घर पार्किंगमध्ये आणि घरातली माणसं बसच्या रांगेत.

सरकार या प्रकाराला उत्तेजन देतंय हे खरं आहे. महाराष्ट्राचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण 2021 मध्ये आलं. पण धोरणाने हप्ता भरला जात नाही.

‘ड्रायव्हरशिवाय देऊ, तेवढाच खर्च वाचेल’ असं मनात असेल तर तेही अवघड आहे. ड्रायव्हरशिवाय गाड्या भाड्याने देण्यासाठी केंद्राची 1989 ची रेंट-ए-कॅब योजना आहे, तिच्या परवान्याला किमान 50 गाड्या लागतात. पांढऱ्या पाटीवर, म्हणजे खासगी नोंदणीच्या गाडीवर, गुपचूप भाडं मारणं हा तर सरळ जुगार. खासगी पॉलिसीत भाड्याच्या वापराला संरक्षण नसतं. अपघात झाला की विमा कंपनी हात वर करते आणि नुकसानभरपाई तुमच्या घरावर येते. गाडी बांधून घेतानाही आतले बदल आरटीओच्या नोंदीत आहेत का, ते आरसी बुकावर बघावं लागतं.

बांधणाऱ्याने टॅक्स वाचेल असंही सांगितलं असणार. भाड्यावर चालणाऱ्या गाडीला 30 टक्के घसारा मिळतो, म्हणजे गाडीच्या किमतीतली तेवढी घट धंद्याचा खर्च म्हणून दाखवता येते, इतपत ते बरोबर आहे. पण धंद्यातला तोटा पगाराच्या उत्पन्नातून वजा होत नाही. म्हणजे गाडी तोट्यात गेली म्हणून तुमच्या पगारावरचा कर एक रुपयानेही कमी व्हायचा नाही.

आणि स्वतःला फिरायचं म्हणता, ते कधी? दिवाळीत आणि नाताळात, कारण तुम्हाला, वहिनींना आणि मुलांना सुट्टी तेव्हाच. गाडीला भाडं मिळण्याचे दिवसही नेमके तेच. चार दिवस स्वतः फिरलात की बावीस हजारांची कमाई सोडलीत. मग ती ‘आपली’ गाडी भाड्याच्या गाडीपेक्षा स्वस्त कशी?

आता बोट. यात पैसा बुडण्यापेक्षा मोठा धोका आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. नाथसागर हे पक्षी अभयारण्य आहे. तिथे इंजिनाची बोट चालवायची तर जलसंपदा आणि वनखातं दोघांच्या परवानगीचा विषय येतो. शिवाय 2021 च्या अंतर्देशीय जलयान कायद्याप्रमाणे नोंदणी, तपासणीचं प्रमाणपत्र आणि विमा हवा. हे कागद हातात येण्याआधी कोणी बोटीचं टोकन मागत असेल तर देऊ नका. कागद जमले तरी पाण्याचं काय? उन्हाळ्यात काठ मागे सरकतो, गाळपेऱ्याची जमीन उघडी पडते आणि बोट लावायची जागा चिखलात राहते. 2016 च्या उन्हाळ्यात जायकवाडीत मृतसाठ्यावर भिस्त होती आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. असं एक वर्ष पुढच्या पाच वर्षांत येणारच नाही, असं कोण म्हणेल?

भागीदारीची गोष्ट याहून गंभीर. साध्या भागीदारी संस्थेत प्रत्येक भागीदार सगळ्या देण्याला जबाबदार असतो, फक्त आपल्या 6 लाखांपुरता नाही. 18 जानेवारी 2024 ला वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची बोट उलटून 12 विद्यार्थी आणि 2 शिक्षक गेले. बोटीत जास्त मुलं बसवली होती. ठेकेदार संस्थेच्या भागीदारांवर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा लागला. रविवारी तुम्ही कंपनीत ओव्हरटाइमला असाल आणि मित्राने लाइफ जॅकेट न देता चार माणसं जास्त बसवली, तर नोटीस तुमच्याही नावाने येईल. मित्र चांगला असेल, मी त्याच्याबद्दल काही म्हणत नाही.

18 लाखांचं असं करा : 4 लाख अडीअडचणीसाठी वेगळ्या, लगेच मोडता येईल अशा ठेवीत. बाकीची एफडी मुदत संपल्यावर दोन-तीन तुकड्यांत पुन्हा लावा, म्हणजे गरजेला सगळी मोडावी लागणार नाही. ज्या 8 लाखांचं तुम्ही डाउन पेमेंट करणार होता, ते 7 टक्क्यांनी पाच वर्षांत कर कापण्याआधी सव्वाअकरा लाखांच्या आसपास होतात. मुलांच्या शिक्षणाची रक्कम आणि वर्षं कळवलीत तर त्यातला किती भाग म्युच्युअल फंडात न्यायचा ते सांगता येईल.

या नाताळात चार दिवस कॅराव्हॅन भाड्याने घ्या. 36 हजार आणि डिझेल, एवढाच खर्च. बुकिंग करताना पाटी पिवळी आहे का, डिपॉझिट किती आणि कधी परत, वाटेत बंद पडली तर त्या रात्रीच्या मुक्कामाचा खर्च कोणाचा, शौचालयाची टाकी कोण आणि कुठे रिकामी करणार, हे व्हॉट्सॲपवर लेखी घ्या. वेरूळ मंगळवारी आणि अजिंठा सोमवारी बंद असतं, त्याप्रमाणे आखणी करा. आणि ड्रायव्हरला चहा पाजून विचारा, मागच्या महिन्यात गाडी किती दिवस बाहेर होती.